दोन इंचांची माया

माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या ब्लाउजचं माप मी तिला न विचारता दोन इंचांनी कमी करायला सांगितलं होतं. ही गोष्ट आता घरात सगळ्यांना माहीत आहे. दोन्हीकडचे पाहुणे या गोष्टीवर हसून झाले आहेत, आणि मुलीचं लग्नही व्यवस्थित पार पडलं आहे. तरी ती गोष्ट एकदा नीट लिहून काढावी असं वाटतं, कारण हसण्याच्या भरात माझी चूक फार लवकर गोड होऊन गेली. ती तेवढी गोड नव्हती.

आम्ही कोपरखैरण्याला राहतो. महापेच्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. आमच्याकडे बाटल्यांची झाकणं बनतात आणि चोवीस वर्षं मी ती मोजतो आहे. गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसलं तर पास, नाही बसलं तर लाल क्रेट. घरी निघताना हातातलं गेज मी ड्रॉवरमध्ये ठेवतो, पण डोळ्यांतलं माझ्याबरोबर घरी येतं, हे मला फार उशिरा कळलं.

मुलगी सव्वीस वर्षांची. माझ्या कारखान्यापासून दोन गल्ल्या सोडून एका आयटी कंपनीत कामाला. ती अंगाने भरलेली आहे. हे वाक्य लिहिताना मी बरीच खाडाखोड केली. 'जाड' खोडलं, 'हेल्दी' खोडलं, आणि 'थोडीशी' हा शब्द तर दोनदा लिहून दोनदा खोडला. दर रविवारी ती ढोलपथकाच्या सरावाला जाते. कमरेला ढोल बांधून दोन तास उभी राहते आणि घरी येऊन पोटभर भात खाते. तिचे दंड माझ्या दंडांपेक्षा मजबूत आहेत. गॅसचा सिलिंडर सरकवायचा असला की आमच्या घरात हाक तिलाच जायची.

तिच्या अंगाचं पहिलं कौतुक मीच केलं होतं. ती दीड वर्षाची असताना आमच्या सोसायटीत सुदृढ बालक स्पर्धा झाली. पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा आणि खांद्यावरून घालायचा लाल सॅटिनचा पट्टा. तो पट्टा घातलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन मी अख्ख्या सेक्टरला तीन चकरा मारल्या होत्या. तिच्या मांड्यांना पडलेल्या वळ्या लोकांनी बघाव्यात म्हणून झबलं मुद्दाम आखूड घातलं होतं. तो फोटो आम्ही फ्रेम करून हॉलमध्ये लावला. माझी आई तेव्हा होती. फोटोला नजर लागू नये म्हणून तिने काचेवर काजळाचा ठिपका लावला होता, तो कितीतरी वर्षं कोणी पुसला नाही.

आईच्या हिशेबी अंगावरचं मांस म्हणजे घराची अब्रू. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा काटकुळी होती. तिला पाहायला गेलो तेव्हा मी थोरल्या भावाच्या कानात "हाडं दिसतात" असं म्हणालो होतो. ते तिने ऐकलं होतं, आणि ऐकलं होतं हे तिने मला लग्नानंतर नऊ वर्षांनी सांगितलं. आईने मात्र ते काम अंगावर घेतलं. डिंकाचे लाडू, सायीचं दूध, भातावर तुपाची धार. आमच्या गावाहून, चिपळूणहून, कोणीही येवो, त्याच्या पिशवीत सुनेसाठी काहीतरी असायचंच. दोन वर्षांत बायको भरली. आई शेजारणींना सांगायची, "आता कशी तब्येत सुधारली बघा."

मग हळूहळू 'सुधारली' या शब्दाचाच अर्थ बदलला. आमच्या सेक्टरमध्ये एक जिम आलं, मग दुसरं आलं, आणि बसथांब्यावर सपाट पोटांची पोस्टरं लागली. आता कोणी "तब्येत सुधारली" म्हटलं की बायका घरी येऊन आरशासमोर उभ्या राहायला लागल्या. मीही बायकोला म्हणायला लागलो, "जरा कमी कर."

एकदा ती पोळ्या लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "आधी तुमच्या आईने वाढवलं. आता तुम्ही कमी करायला सांगताय. मधे एखादा तरी दिवस असा होता का, की मी बरोबर होते? तारीख सांगा, मी कॅलेंडरवर खूण करते."

त्याच काळात माझंही पोट सुटलं होतं. त्याला सगळे म्हणायचे, "लग्न मानवलं हो तुम्हाला."

मुलगी तेरा वर्षांची असताना मी जे केलं ते याहून वाईट होतं. होळीचा दिवस होता. भाऊ आणि वहिनी जेवायला आले होते. बायको मुलीच्या ताटात दुसरी पुरणपोळी वाढत होती, आणि मी म्हणालो, "तिला पुरे." आवाज चढवला नव्हता. वहिनी हसली. मुलीने ती पोळी उचलून परत डब्यात ठेवली, बोटांना लागलेलं तूप पुसलं आणि म्हणाली, "मला नकोच होती." त्यानंतर पाहुण्यांसमोर तिने कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा घेतलेली मला आठवत नाही. त्याच वर्षी घराला रंग काढताना मी तो पट्टा घातलेला फोटो खाली उतरवला, आणि रंग झाल्यावर परत लावला नाही. बायकोने विचारलं तेव्हा म्हणालो, खिळा निघाला.

असा मी. आता साखरपुड्याकडे येतो.

मुलगा तिच्याच ऑफिसातला, तिनेच निवडलेला. मूळचे साताऱ्याकडचे लोक, आता उलव्याला राहतात. मुलगा उंच, चष्मा लावणारा आणि इतका बारीक, की पहिल्यांदा घरी आला तेव्हा बायकोने चहाबरोबर न विचारता उपमा आणून ठेवला. मला तो आवडला. साखरपुडा उलव्याच्या एका हॉलमध्ये, दोन महिन्यांनी, असं ठरलं. दोघांचा एक फोटो मुलीने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या बहिणीचा फोन आला.

"जोडा छान आहे रे," ती म्हणाली. "फक्त मुलगा जरा नाजूक वाटतो तिच्यापुढे. फोटोग्राफरला सांगून ठेव, तिला किंचित मागे उभी करायला."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मी हसलो, फोन ठेवला आणि कामाला गेलो. पण त्या दिवशी प्रत्येक झाकणाबरोबर माझ्या डोक्यात वाजत होतं, किंचित मागे, किंचित मागे.

त्याच आठवड्यात बायकोने मला ब्लाउजचं अस्तर शिंप्याकडे पोचवायला सांगितलं. शिंपी म्हणजे शेजारच्या इमारतीखालच्या गाळ्यातली बाई. इथल्या जुन्या गावातली, आगरी. आमच्या ओळीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज वीस वर्षं तीच शिवते. सगळे तिला मास्तरीण म्हणतात. एकदा माप घेतलं की ती ते लांबट वहीत पेनाने लिहिते, आणि ते इतकं अचूक असतं की आमच्या घरात ब्लाउज घालून बघायचीही पद्धत नाही. आणायचा आणि सरळ कार्याच्या दिवशी घालायचा.

मी अस्तर तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणालो, "मास्तरीणबाई, मापात थोडा बदल आहे."

तिने मान वर केली नाही. मशीन चालूच. "कोन सांगते?"

"मुलगीच. ती बारीक होणार आहे. जिम लावलंय. छातीत आणि कमरेत दोन-दोन इंच कमी धरा. दंडालाही थोडं."

मशीन थांबलं. "दोन म्हयन्यांत दोन इंच?"

"फार मनावर घेतलंय तिने."

"कोनी मनावर घेतलाय ता दिसतंय मना," ती म्हणाली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कापड एकदा कापला का परत जुलत नाय, भाऊ."

"माहीत आहे."

"बरा." तिने वही उघडली, मुलीचं पान काढलं आणि पेनाने लिहिलेल्या आकड्यांच्या शेजारी पेन्सिलीने माझे आकडे लिहिले. पेन्सिल का, असं मी विचारलं नाही. तेव्हा तसं काही सुचलंच नाही. मला वाटत होतं, मी मुलीसाठी काहीतरी चांगलं करतो आहे. ब्लाउज आधी तयार असला की अंग त्याच्या मागे येईल. कारखान्यात आम्ही साच्याला हेच काम देतो.

पुढचे दोन महिने मी अंग साच्याकडे आणायच्या उद्योगाला लागलो. बाजारातून दुधी आणायचो, मुळा आणायचो. बायकोने केलेले बेसनाचे लाडू मुलीच्या हाताला लागू नयेत म्हणून गुपचूप मीच संपवायचो. त्या दोन महिन्यांत माझंच वजन वाढलं. रोज संध्याकाळी मुलीला म्हणायचो, चल, चालून येऊ. खाडीच्या बाजूच्या ट्रॅकवर आम्ही जायचो. ती ढोलाच्या ठेक्यावर चालल्यासारखी पुढे, मी मागे धापा टाकत. मधूनच ती थांबायची आणि म्हणायची, "बाबा, बसा जरा. मी तिथपर्यंत जाऊन येते." ती जाऊन यायची, तोवर मी बाकावर बसून भेळेच्या गाडीकडे बघायचो.

तिचं माप काही बदललं नाही. बदलणारही नव्हतं, कारण तिला काही बदलायचंय हे तिला माहीतच नव्हतं.

साखरपुडा दोन दिवसांवर आला. त्या संध्याकाळी चालताना ती पहिल्यांदाच माझ्या चालीने, माझ्या शेजारून चालली. म्हणाली, "एक सांगू? लग्न ठरल्यापासून तुम्ही रोज माझ्याबरोबर येताय. मी आईला म्हटलं, मी जाणार म्हणून बाबांना वाईट वाटतंय. बोलणार नाहीत, पण चालतील."

मी "हं" म्हणालो. घरी गेल्यावर आधी मास्तरणीकडे जायचं आणि सगळं सरळ करायचं, असं मी ठरवलं. दारात पाऊल टाकलं तर बायकोच्या हातात प्लास्टिकची पिशवी.

"ब्लाउज आणला," ती म्हणाली. "मास्तरीण उरणजवळ मोऱ्याला चाललीय, भाच्याची हळद आहे. चार दिवस दुकान बंद."

"मग आजच घालून बघू दे की," मी मुलीकडे बघत म्हणालो.

"कशाला?" बायको म्हणाली. "मास्तरणीचं माप कधी चुकलंय?"

त्या क्षणी मी सांगू शकलो असतो. दुसऱ्या दिवशीही सांगू शकलो असतो. कपाटाच्या दाराला ती पिशवी लटकत होती आणि मी येताजाता तिच्याकडे बघत होतो. तीनदा मी स्वयंपाकघरात जाऊन तोंड उघडलं आणि तीनदा चहा मागितला. शेवटी बायको म्हणाली, "एवढं टेन्शन कसलं घेताय? मुलगी इथून उलव्यालाच तर जाणार आहे."

साखरपुड्याच्या सकाळी हॉलच्या मागच्या खोलीत मायलेकी तयार होत होत्या. मी बाहेर बोळात उभा होतो, नारळाच्या पिशव्या सांभाळत. दार बंद होतं, पण आवाज येत होता.

"श्वास आत घे," बायको म्हणत होती.

"घेतलाय."

"अजून घे."

"आई, अजून घेतला तर मी पडेन."

"वरचा हुक लागला तर खालचा निघतोय. दंडात पण चढत नाहीये गं. असं कसं झालं?"

मग मुलगी म्हणाली, "आई, मी एवढी वाढलेय का?"

तो आवाज मी ओळखला. पुरणपोळी डब्यात परत ठेवून 'मला नकोच होती' म्हणणारा तोच आवाज, तेरा वर्षांनी. माझ्या हातातल्या पिशव्या मी खाली ठेवल्या आणि दारावर टकटक केली.

"ती वाढलेली नाही," मी दाराला सांगितलं. "माप मी कमी करायला सांगितलं होतं."

"कोणाला?" बायकोचा आवाज.

"मास्तरणीला. अस्तर द्यायला गेलो तेव्हा."

"का?"

"लोक..." मी म्हणालो, आणि थांबलो.

"कोण लोक, बाबा?" मुलीने विचारलं. रागाने नाही, खरोखर माहिती हवी असल्यासारखं.

मी बोळात इकडेतिकडे बघितलं. लोक कुठेच नव्हते. बहिणीचं नाव सांगता आलं असतं, पण ती एक वाक्य बोलून विसरूनही गेली असेल. ते वाक्य घेऊन दुकानात गेलो होतो मी.

"कोणी नाही," मी म्हणालो. "मीच."

मग बायको म्हणाली, "मास्तरणीला फोन लावा. स्पीकरवर टाका. आणि दाराजवळ धरा."

चौथ्या रिंगला फोन उचलला गेला. पलीकडे बॅन्जो पार्टी जोरात होती. हळदीतून ती बाजूला येईपर्यंत अर्धा मिनिट आम्ही तिघे बॅन्जो ऐकत होतो.

"मास्तरीणबाई, ब्लाउज होत नाहीये."

"नाय होनार. तुमच्या मापाचा हाय ना तो."

"आता काय करू? आम्ही हॉलवर आहोत."

"पोरगी हाय का थयं? ऐकते?"

"ऐकतेय," मुलगी आतून म्हणाली.

"बाय, ब्लाउज उलटा कर. बाजूच्या शिलाईला दोन टिपा दिसतील. एक पांढऱ्या दोऱ्याची. ती कच्ची हाय, तुझ्या बापाची. ती उसव. तिच्या भाईर दुसरी हाय, ब्लाउजच्या रंगाची. ती पक्की, ती तुझी. दंडाला पन तसाच केलाय. आनि त्याच्याही भाईर दीड इंच माया सोडलीय, फुडंमागं लागली तं."

शिवताना कडेला आत दुमडून ठेवतात त्या जास्तीच्या कापडाला शिंपी माया म्हणतात. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय. आई म्हणायची, माया ठेवा हो, पोर वाढतं आहे. पण त्या बोळात, बॅन्जोच्या आवाजात, तो मला पहिल्यांदा ऐकू आला.

"मग आधी नाही का सांगायचं?" बायकोने दाराआडून विचारलं.

"मी म्हटला, बापूस सोताच सांगंल." ती हसली. "सांगितला ना? उशिरा सांगितला, पन सांगितला. ठेवते, मना नाचायला बोलावतान."

दार वीतभर उघडलं. बायकोचा हात बाहेर आला. हातात उलटा केलेला ब्लाउज, एक सेफ्टी पिन आणि नखं कापायची छोटी कात्री. "तुमची टीप आहे, तुम्हीच उसवा," ती म्हणाली. "आणि मायेला कात्री लावू नका."

मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो, जवळचा चष्मा लावला आणि कामाला लागलो. पांढरा दोरा लांब लांब टाक्यांचा होता. पिनेने उचलला की सरसर निघत होता. खरोखरच, कोणीतरी काढावा म्हणूनच घातलेला. एक बाजू झाली, दुसरी घेतली, तेवढ्यात समोर सावली पडली. मुलाचे वडील. भरदार माणूस, डोक्याला फेटा, हातात पानसुपारीचं तबक.

"पावनं," ते म्हणाले, "हे काय काढलंय?"

खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तबक खाली ठेवलं, बोळात दोन्हीकडे बघितलं आणि शेजारची खुर्ची ओढली.

"आता तुमी सांगितलंच हाय, तर आमचं बी ऐका. आमच्या पोराला ल्हानपणापास्नं तालमीत घातलं. दूध, बदाम, तूप, काय म्हणाल ते. अंगाला कायबी लागलं न्हाई. माझा बाप म्हणायचा, हे बेणं आपल्या घरातलं न्हाईच. आज सकाळी त्याच्या आईनं त्याला कुडत्याच्या आत दोन बनियन घातल्यात. खांदं भरल्यालं दिसाय पायजेत म्हणून."

"ह्या उकाड्यात?"

"एसीखालनं हलत न्हाई पोरगं. फोटोवाला बोलवून दमला." मग त्यांनी हात पुढे केला. "द्या हिकडं, मी ताणून धरतो. तुमी दोरा ओढा."

तसे आम्ही दोघे व्याही मुलीचा ब्लाउज धरून बसलो. त्यांनी दंडाची शिलाई ताणून धरली, मी दोरा काढला. शेवटचा टाका निघाल्यावर ते म्हणाले, "तुमची पोरगी बघून आली तवा आमची मंडळी काय म्हणाली, सांगू? म्हणाली, आपल्या घरात नीट जेवणारं एक तरी माणूस येतंय."

मी ब्लाउज आत दिला. पाच मिनिटांनी मुलगी बाहेर आली. ब्लाउज तिच्या अंगावर असा बसला होता, की जणू तो तिथेच शिवला होता. ती माझ्यासमोर थांबली. मी उभा राहिलो.

"बाबा, आज नको," ती म्हणाली. "नंतर बोलू."

"बरं," मी म्हणालो. आणि ती गेली.

पुढचं सगळं आनंदात झालं. अंगठ्या झाल्या. मुलगा मधेच खोलीत जाऊन आला. परतला तो जरा बारीक आणि बराच सुखी दिसत होता. त्याच्या आईने कपाळाला हात लावला आणि त्याचे वडील माझ्याकडे बघून खोकले. मग हॉलच्या दाराशी मुलीच्या पथकातले मित्रमैत्रिणी ढोल घेऊन आले. तिने पदर खोचला, ढोल कमरेला बांधून घेतला आणि वाजवायचं टिपरू हातात घेतलं. मी ठोक्यागणिक तिच्या दंडाच्या शिलाईकडे बघत होतो. चोवीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या काळजीने मी कुठला माल बघितला नसेल. शिलाई हलली नाही. थोड्या वेळाने मी शिलाईकडे बघायचं विसरलो. ती वाजवत होती, समोर तिचा होणारा नवरा चष्मा सावरत, ठेका चुकवत टाळ्या वाजवत होता, आणि मला दिसलं की माझी मुलगी देखणी आहे. हे मला सव्वीस वर्षांत याआधी एकदाच, तेही तिच्या अंगावर लाल पट्टा असताना, दिसलं होतं.

फोटोग्राफरला मी काही सांगितलं नाही. ढोलामुळे ती सगळ्या फोटोंत सगळ्यांच्या पुढेच आली आहे.

तीन दिवसांनी तिने स्वतःच विचारलं, "येताय ना चालायला?" आम्ही खाडीच्या ट्रॅकवर पोचलो. मग ती म्हणाली, "ब्लाउजचं मला एवढं नाही लागलं. तुम्ही रोज माझ्याबरोबर चालत होतात ना, ते लागलं. मला वाटलं होतं, ते माझ्यासाठी आहे."

"शेवटच्या दिवसाचं तुझ्यासाठी होतं," मी म्हणालो.

"एकच दिवस?"

मी आठवून बघितलं. "आजचा धरून दोन."

ती हसली. लगेच नाही, चार पावलं गेल्यावर. मी होळीच्या पोळीचंही बोलून टाकलं. तिला ते आठवत असेल की नाही, असं मला वाटत होतं. तिला वहिनीच्या साडीचा रंगसुद्धा आठवत होता. मी माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे," आणि मग म्हणाली, "ठीक आहे म्हणजे अजून पूर्ण नाही, पण होईल." त्या दिवशी बाकावर बसून आम्ही दोघांनी भेळ खाल्ली. ती दुसरी प्लेट सांगायला उठली तेव्हा मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. "तुमच्यासाठी पण सांगते," ती म्हणाली.

घरी येऊन मी माळ्यावरून तो फोटो काढला. काजळाचा ठिपका अजून होता. हॉलच्या भिंतीतला खिळाही जागेवरच होता.

लग्नाच्या ब्लाउजसाठी माप द्यायची वेळ आली तेव्हा मुलगी मला म्हणाली, "चला. या वेळी वही तुम्ही धरायची."

मास्तरणीने आम्हाला बघितलं आणि वही-पेन माझ्या हातात दिलं. पेन्सिल तिने स्वतःच्या कानाला खोचली. ती टेप लावून आकडे सांगत गेली, मोठ्याने, गाळ्याबाहेर उभ्या असलेल्या दोन बायकांना ऐकू जातील असे. मुलगी हात पसरून ताठ उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी लिहीत गेलो. छाती, कंबर, दंड, पाठ. जसं सांगितलं तसं. अर्धा इंच आला तिथे अर्धा इंच लिहिला.

"आणि माया किती लिहू?" मी विचारलं.

"ती लिवत नसतान, भाऊ," मास्तरीण टेप गुंडाळत म्हणाली. "ती सोडतान." मग तिची नजर माझ्या शर्टाच्या बटणांवर गेली. "मी पुरुषांचा शिवत नाय, म्हनून वाचलाव. तुमाला चार इंच लागली असती."

मुलगी हसत हसत टेबलाला टेकली. मी वही बंद करून मास्तरणीच्या हातात दिली.